कांदळवनातल्या मिथेनचा हिशेब उघड मांडा

मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक,
कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग, मुंबई

महोदय,



कांदळवनाच्या चिखलात कार्बन साठतो, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक झाली आहे. त्याच चिखलातून मिथेनही निघतो, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक मोठ्या खाडीतून तो किती निघतो, कोणत्या ऋतूत जास्त निघतो, आणि त्यातला किती आपण माणसांनी तिथे सोडलेल्या घाणीमुळे निघतो, हे मोजून लोकांपुढे ठेवावे, आणि तेही या वनांच्या नावाने कार्बन क्रेडिटचे करार होण्याआधी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

पत्र खासगी न लिहिता उघड लिहिले त्याला कारण आहे. मिथेनचे नाव काढले की कांदळवनावर जीव असलेली माणसे अस्वस्थ होतात. भराव टाकायला टपलेल्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल, अशी त्यांना भीती वाटते. ती भीती मला समजते. पण जी गोष्ट जगभरच्या शास्त्रीय नियतकालिकांत छापून आली आहे ती आपण दडवून ठेवली, तर उद्या ती आपल्याविरुद्धच वापरली जाईल. आपणच ती आधी, पूर्ण आणि आकड्यांसकट सांगितलेली बरी.

आधी जमेची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. डॅनियल डोनॅटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची मोजणी प्रसिद्ध केली. झाडे आणि खालचा चिखल धरून हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन भरला. उष्ण कटिबंधातल्या सर्वाधिक कार्बन धरून ठेवणाऱ्या जंगलांत ही वने मोडतात, असे त्यांनी नोंदवले. यातला निम्म्यापासून जवळजवळ सगळा वाटा जमिनीखाली होता. सह्याद्रीतल्या रानात कार्बनचा मोठा भाग डोळ्यांना दिसतो, खोडात आणि फांद्यांत. खाडीत तो पायाखाली असतो. गळलेले पान, मेलेले मूळ, भरतीबरोबर वाहत आलेला गाळ हे सारे अशा चिखलात रुतते जिथे हवा पोहोचत नाही, म्हणून ते नीट कुजत नाही आणि शतकानुशतके तसेच पडून राहते.

आणि हवा पोहोचत नाही म्हणूनच तिथे मिथेन होतो. ज्या कारणाने कार्बन टिकतो त्याच कारणाने त्याचा थोडा भाग मिथेन होऊन वर येतो. यात झाडाचा काही दोष नाही. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ती हवा पेट घेते हे दाखवले, तो हाच वायू. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खाडीच्या काठाशी शांत उभे राहून उथळ पाण्यात असे बुडबुडे मी स्वतः पाहिले आहेत. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. पण तेवढ्या काळात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो: शंभर वर्षांचे माप लावले तर वजनाला सुमारे २७ पट, वीस वर्षांचे लावले तर ८० पट.

आता प्रश्न असा की सगळ्याच पाणथळ जागांतून मिथेन निघतो, भाताच्या खाचरांतूनही निघतो, मग कांदळवनांची एवढी कीर्ती का? उत्तर समुद्राच्या मिठात आहे. भरतीच्या पाण्याबरोबर सल्फेट येते. चिखलात या सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही असतात. दोघांचे अन्न बरेचसे एकच, कुजणाऱ्या पाचोळ्यातून सुटणारा हायड्रोजन आणि ॲसिटेट. सल्फेट मुबलक असले की त्यावर जगणारे जिवाणू पहिल्या पंगतीला बसतात आणि दुसऱ्या पंगतीला फारसे काही उरत नाही. अगदी शून्य मात्र होत नाही, कारण मेथिलअमाइनसारखी काही संयुगे सल्फेटवाल्यांच्या फारशी उपयोगाची नसतात आणि खाऱ्या चिखलातही त्यांच्यापासून मिथेन होत राहतो.

म्हणजे भरती जितकी मोकळी आणि पाणी जितके खारे, तितका मिथेन कमी. पाणी गोडे होत गेले की चित्र पालटते. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१३ च्या पाणथळ जमिनींविषयीच्या पुरवणीत यासाठी एक रेघ आखून दिली आहे. पाण्यात दर हजार भागांत १८ भागांपेक्षा जास्त मीठ असेल (भर समुद्रात ते ३५ च्या आसपास असते), तर पुनरुज्जीवित कांदळवनातला मिथेन शून्य धरावा. त्यापेक्षा कमी मीठ असेल, तर हेक्टरी वर्षाला १९३.७ किलो धरावा. त्याच पुरवणीत अशा कांदळवनाच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी १.६२ टन कार्बन साठतो असे धरले आहे.

हा गुणाकार मी कागदावर करून पाहिला. १.६२ टन कार्बन म्हणजे ५.९ टन कार्बन डायऑक्साइड. ही जमा. १९३.७ किलो मिथेनला २७ ने गुणले तर ५.२ टन. हा खर्च. शंभर वर्षांच्या मापाने जमिनीतली जवळजवळ सगळी जमा त्यात गेली. वीस वर्षांचे माप लावले तर खर्च पंधरा टनांवर जातो आणि हिशेब उलटा होतो. झाडांच्या वाढत्या लाकडातला कार्बन यात धरलेला नाही, तो वेगळा. आणि १९३.७ हा आकडा स्वतः फार ढिला आहे, त्याची शक्यतेची कक्षा १०० पासून ३५८ पर्यंत पसरलेली आहे. म्हणूनच तर आपल्या खाडीत जाऊन मोजायला हवे. रेघेच्या एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला पाच टन, एवढे अंतर असताना आपले वन कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नसताना कार्बन क्रेडिट कोणत्या तोंडाने विकायचे?

इथे कोकणची एक अडचण आहे, जी बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात सहजी येणार नाही. आपल्या खाड्या वर्षभर एका चवीच्या नसतात. एप्रिल-मे मध्ये वरच्या टोकापर्यंत पाणी खारे असते. जुलैत सह्याद्रीवरून पूर उतरले की तीच खाडी बरीच खालपर्यंत गोडी होते, आणि ही स्थिती काही आठवड्यांवर भागत नाही. वर्षाची सरासरी काढली तर ती १८ च्या वर भरेलही आणि कागदावर मिथेन शून्य लिहिला जाईल. पण चिखलातल्या सूक्ष्मजीवांना सरासरी कळत नाही. पावसाळ्यातले ते महिने त्यांचे असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत होडी घालणे कठीण म्हणून नमुने घेतले जात नाहीत. पावसाळा वगळून केलेले मोजमाप कोकणापुरते तरी मी मोजमाप मानणार नाही.

वाशिष्ठीचे तर आणखी वेगळे आहे. कोयना धरणाचे पाणी वीज तयार करून पश्चिमेकडे उतरते आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असे वळवायला मुभा दिली आहे. हे पाणी मूळचे पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्यात जाणारे. म्हणजे दाभोळपर्यंतच्या या खाडीला पावसाळा संपल्यावरही गोड्या पाण्याचा पुरवठा चालू असतो, जो शेजारच्या खाड्यांना नाही. त्यात लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी येते. रसायनशास्त्राच्या नियमाने पाहिले तर वाशिष्ठीच्या वरच्या भागातले कांदळवन हे महाराष्ट्रात मिथेन मोजण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे ठिकाण ठरते. धरणाच्या एका निर्णयाचा परिणाम शंभर किलोमीटरच्या आत, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, चिखलातल्या वायूवर काय झाला, हे शोधण्याची अशी जागा देशात दुसरीकडे सहज सापडणार नाही. आपल्या विभागाने एखाद्या विद्यापीठाच्या हाती हा विषय द्यावा, असे मला मनापासून वाटते.

मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत गोड्या पाण्यापेक्षा मोठा प्रश्न मैल्याचा आहे. सांडपाण्यातला सेंद्रिय माल चिखलात उतरला की तिथला प्राणवायू आधी संपतो, मग सल्फेट संपू लागते, आणि मिथेन करणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी मोकळे रान मिळते: अन्न भरपूर आणि प्रतिस्पर्धी दुबळे. हे आपल्या देशात अभ्यासलेले आहे. आर. पूर्वजा आणि आर. रमेश यांनी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मिथेन मोजून नैसर्गिक आणि मानवनिर्मित उत्सर्जनाचा वेगळा विचार २००१ मध्येच मांडला. पुढे २००४ मध्ये त्यांनी पीटर फ्रेंझेल यांच्यासह असे दाखवले की तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळे हाही मिथेनचा बाहेर येण्याचा मार्ग असतो. मुळाला हवा खाली न्यायची असते, त्याच पोकळीतून चिखलातला वायू वर येतो. वीस वर्षांपूर्वीची ही माहिती आपल्याच देशातली, आपल्याच किनाऱ्यावर भरपूर असलेल्या झाडाची आहे. तिचा उल्लेख कार्बनविषयीच्या सरकारी पत्रकांत मला आढळलेला नाही.

ठाणे खाडीच्या काठी भांडुप आणि घाटकोपर इथे महापालिकेची सांडपाणी केंद्रे आहेत. त्यांच्यासह मुंबईतली सात केंद्रे नव्याने बांधायच्या कामाची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली, आणि ती सगळी मिळून दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करतील असे सांगितले गेले. ही केंद्रे म्हणजे गटारांचा विषय, म्हणून तो आपल्या विभागाच्या कक्षेबाहेर समजला जातो. पण २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या खाडीच्या चिखलात काय उतरते, हा वन विभागाचाही विषय आहे. केंद्र सुरू होण्याआधी आणि झाल्यानंतर त्याच जागी, त्याच भरती-ओहोटीला मिथेन मोजला, तर शहराने मैला शुद्ध केल्याने हवामानाचा किती फायदा झाला हे आकड्यात सांगता येईल. ही संधी एकदाच येते. केंद्रे चालू झाल्यावर आधीचे मोजमाप कुठून आणणार?

मोजण्याची पद्धत काही गूढ नाही. चिखलावर किंवा पाण्यावर उपडे झाकण ठेवायचे, ठरावीक मिनिटांनी त्यातली हवा सिरिंजने काढायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. झाडाच्या खोडालाही असेच झाकण बांधता येते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. फक्त चिखल मोजून चालत नाही. ओहोटीला खेकड्यांच्या बिळांतून आणि मातीच्या फटींतून झिरपलेले पाणी खाडीत उतरते आणि आपल्याबरोबर विरघळलेला मिथेन घेऊन येते. ऑस्ट्रेलियात ज्युडिथ रोझेंट्रेटर आणि सहकाऱ्यांनी हाच पाण्यावाटे जाणारा मिथेन मोजला आणि २०१८ मध्ये हिशेब दिला की वीस वर्षांच्या मापाने तो कांदळवनांत गाडल्या जाणाऱ्या कार्बनच्या फायद्यातून सरासरी २० टक्के कमी करतो. हा आकडा मला धीर देणारा वाटतो. वीस टक्के वजा केले तरी ऐंशी उरतात.

आणि आता ज्यांना या पत्रातून कुऱ्हाडीसाठी दांडा शोधायचा आहे त्यांच्यासाठी, आपल्या साक्षीने, दोन शब्द. कांदळवन तोडल्याने मिथेनचा प्रश्न सुटत नाही. ल्यूक जेफ्री यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर मेलेल्या कांदळवनात मोजमाप केले, तेव्हा मेलेल्या खोडांतून जिवंत खोडांच्या सुमारे आठ पट मिथेन निघत होता. भराव टाकण्यासाठी चिखल उपसला तर शतकांचा साठलेला कार्बन हवेला लागतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाऊ लागतो. हेक्टरी हजार टन कार्बनचा साठा एका बाजूला आणि वर्षाला पाच टन कार्बन डायऑक्साइडएवढा मिथेन दुसऱ्या बाजूला ठेवून पाहावे. साठ्याचा थोडासा भाग सुटला तरी अनेक दशकांच्या मिथेनएवढे नुकसान होते. शिवाय जिताडा, चिंबोऱ्या, निवट्या, पुराच्या पाण्याला मिळणारी जागा, किनाऱ्याची धूप थांबणे, यातले काहीच कार्बनच्या हिशेबात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला, तो एकट्या कार्बनसाठी नव्हे.

तरीही तोड होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडायला न्यायालयाची परवानगी मिळाली. अशा प्रत्येक वेळी बदल्यात काही पट रोपे लावण्याचे आश्वासन दिले जाते, आणि इथे मिथेनचा अभ्यास आपल्या फार उपयोगाचा आहे असे मला वाटते. रोप कुठे लावले आणि तिथे भरती पोहोचते का, हे रोपांच्या संख्येतून कळत नाही. रस्त्याच्या भरावामागे, अरुंद मोरीच्या आत, बांधाने अडवलेल्या तळ्यात रोपे लावली, तर तिथले पाणी पावसाने गोडे होते, साचते, सल्फेट येत नाही, आणि आपण हौसेने मिथेनची जागा तयार करतो. अमेरिकेत केव्हिन क्रोगर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच लिहिले: समुद्रापासून तोडलेल्या पाणथळ जागांत भरती परत आणणे हा मिथेन कमी करण्याचा फार परिणामकारक उपाय आहे. नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्याने काय होते ते २०२४ मध्ये साऱ्या नवी मुंबईने पाहिले. तिथे फ्लेमिंगोंची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तळाशी चिखलात काय बदलले, ते कोणी पाहिले नाही.

कोकणात जागोजागी खारबंदिस्तीचे जुने बांध आहेत. काहींच्या आतली शेती कधीच सुटली आहे, उघड्या दरवाजांतून किंवा फुटलेल्या भगदाडांतून पाणी आत शिरते आणि तिवर आपोआप उगवते. काहींच्या आत मात्र पाणी अर्धवट कोंडलेले असते. केंद्र सरकारच्या मिष्टी योजनेत पाच वर्षांत देशभर सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन लावण्याचे किंवा पुनरुज्जीवित करण्याचे ठरले आहे. त्यातला महाराष्ट्राचा पैसा आधी मोऱ्या रुंद करण्यावर आणि अशा सोडून दिलेल्या बांधांतून भरतीला वाट देण्यावर खर्च व्हावा. अर्थात ज्या बांधाआड आजही कोणाचे भात पिकते त्याला हात लावू नये. खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन हवामान वाचवण्याला माझा विरोध राहील. पण ओसाड बांधांची यादी खारभूमी विभागाकडून मागवता येईल. भरती मोकळी झाली की बी खाडीच आणून टाकते, तिवर आपले आपण रुजते. रोपवाटिकेतले रोप हा शेवटचा उपाय असावा.

२०१२ मध्ये आपला कक्ष सुरू झाला, तेव्हा कांदळवनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारून महाराष्ट्राने धाडस दाखवले होते. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, तेव्हा आमच्यासारख्यांना फार आनंद झाला. त्याच विश्वासाने मागतो आहे. किमान तीन ठिकाणे घ्यावीत: ठाणे खाडीचे उत्तरेकडचे टोक, वाशिष्ठीचा वरचा भाग आणि तुलनेसाठी सिंधुदुर्गातली आचऱ्यासारखी एखादी स्वच्छ खाडी. पहिली फेरी मे महिन्यात व्हावी, दुसरी भर पावसाळ्यात आणि तिसरी डिसेंबरमध्ये. प्रत्येक वेळी मिठाचे प्रमाण, सल्फेट आणि मिथेन एकत्र मोजावेत, चिखलावर, पाण्यावर आणि खोडावर. स्थानिक कोळ्यांना या कामात मानधन देऊन घ्यावे. ओहोटी कधी, होडी कुठपर्यंत जाते आणि कोणत्या मोरीतून काळे पाणी येते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आकडे जसे येतील तसे मराठीत जाहीर करावेत, आवडणारे असोत की नसोत. आणि कार्बन क्रेडिटचा कोणताही प्रस्ताव पुढे सरकण्याआधी त्यातला मिथेनचा रकाना कोणत्या मोजमापावर भरला आहे, हे लोकांना वाचायला मिळावे.

या पत्राचे उत्तर जाहीर यावे. कोणत्या खाडीपासून आणि कोणत्या महिन्यात सुरुवात करणार, एवढे दोनच तपशील त्यात असले तरी चालतील.

आपला विश्वासू,
ठाणे खाडीकाठचा एक रहिवासी